एडीएचा आकडा एकटा वाचू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कोकण आवृत्तीत क्षयरोगमुक्त ग्रामपंचायतींच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. शोधमोहिमा, थुंकीच्या तपासण्या, रुग्णांना दिलेले पोषण आहाराचे संच असा तपशील त्यांत असतो. हे काम मोलाचे आहे आणि आशाताईंच्या पायपिटीशिवाय ते उभे राहिले नसते. मात्र क्षयाचा एक प्रकार असा आहे की तो थुंकीच्या डबीत सहसा सापडत नाही, आणि त्याविषयी वर्तमानपत्रांतून जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. आपल्याकडे ज्याला ‘छातीत पाणी झाले’ म्हणतात, त्या आजाराबद्दल मी बोलतो आहे. छातीत पाणी होण्याची कारणे अनेक असली, तरी आपल्या देशात तरुण माणसाच्या एका बाजूच्या छातीत पाणी भरले की पहिला संशय क्षयाचाच घ्यावा लागतो, आणि तो संशय खरा की खोटा हे आज बहुतेक वेळा त्या पाण्यातील एका एन्झाइमच्या आकड्यावर ठरवले जाते. त्या तपासणीला सगळे एडीए म्हणतात. ही तपासणी चांगली आहे, परवडणारी आहे आणि कोकणासारख्या विखुरलेल्या प्रदेशात तिच्यावाचून चालणारही नाही. परंतु तिचा आकडा एकटा छापण्याची आणि एकटा वाचण्याची जी पद्धत पडली आहे ती रुग्णाला अपायकारक आहे, आणि ती बदलावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आयुष्यभर प्रयोगशाळेत बसून अशा पाण्याचे नमुने तपासले असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा आपण द्याल अशी आशा आहे.

फुप्फुसाभोवती पातळ असे दुपदरी आवरण असते आणि त्याच्या दोन पदरांमध्ये निरोगी माणसातही काही मिलिलिटर ओलावा असतो. फुप्फुसाच्या कडेला असलेली क्षयाची एखादी बारीकशी गाठ या पोकळीत फुटली की जंतूंतील प्रथिने आवरणापर्यंत पोहोचतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. जंतू थोडे आणि प्रतिक्रिया मोठी, असे या आजाराचे स्वरूप आहे. लिटर-दीड लिटर पाणी साठलेले असते, ताप असतो, श्वास घेताना कुशीत चमक मारते, आणि तरीही त्या पाण्यात जंतू शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याची काच तपासली तर शंभरातील दहा रुग्णांतही जंतू दिसत नाहीत. कल्चर लावले, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिले, तर काही आठवडे थांबावे लागते आणि तेव्हाही निम्म्याहून कमी नमुन्यांत जंतू वाढतात. सीबीनॅट या आधुनिक यंत्राने पाण्यात जंतूचा अंश सापडला तर तो निकाल पक्का मानावा. पण कल्चरने सिद्ध झालेल्या रुग्णांतसुद्धा हे यंत्र जेमतेम निम्मे रुग्ण ओळखते, म्हणजे त्याचा निकाल निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. आवरणाचा बारीक तुकडा काढून त्याची पेशीरचना पाहिली आणि त्याचेच कल्चरही लावले तर बहुसंख्य रुग्णांत निदान होते. पण त्यासाठी सुई घालणारा सरावलेला हात, नाहीतर दुर्बिणीची सोय लागते, आणि ती प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मिळणे कठीण.

एडीएचे महत्त्व या अडचणीतून आले. अडेनोसिन डिअमिनेज हे त्याचे पूर्ण नाव. अडेनोसिन या रसायनाचे इनोसिनमध्ये रूपांतर करणे हे त्याचे काम, आणि ते लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या संरक्षक पेशींत विशेष असते. क्षयाच्या पाण्यात याच पेशी गर्दी करतात, म्हणून तेथे एडीए चढते. जंतू सापडो वा न सापडो, जंतूविरुद्ध शरीराने उठवलेल्या फौजेची खूण त्या पाण्यात मिळते. १९७८ साली इटलीतील संशोधकांनी छातीच्या पाण्यातील एडीएवरून क्षय ओळखता येतो हे प्रथम मांडले. त्यानंतर जगभर, आणि भारतातही, यावर भरपूर अभ्यास झाले. त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की लिटरमागे ४० युनिटांच्या आसपासची मर्यादा धरली तर क्षयाचे सुमारे ९२ टक्के रुग्ण ओळखले जातात आणि क्षय नसलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के योग्य रीतीने वगळले जातात. एवढ्या कमी खर्चात, एका दिवसात, साध्या रंगमापक यंत्रावर एवढी माहिती देणारी दुसरी तपासणी या आजारात नाही. लायसोझाइम या दुसऱ्या एन्झाइमचाही प्रयोग मध्यंतरी झाला, पण तो टिकला नाही. इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन एडीएपेक्षाही अचूक आहे. मात्र त्याचा खर्च पाहता ते आपल्या सामान्य रुग्णाच्या वाट्याला येणे अवघड आहे.

निदान चुकले तर काय होते याची कल्पना नसल्यामुळे अनेक जण पाणी काढले की आजार संपला असे समजतात. या आजाराचा मोठा फसवेपणा असा की क्षयाचे पाणी उपचारांशिवायही दोन-चार महिन्यांत बऱ्याचदा आपोआप आटते. ताप जातो, भूक लागते, माणूस बोटीवर किंवा बागेत कामाला परततो. औषधे उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळातील अमेरिकी सैनिकांचा मागोवा घेणारा एक अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला होता. छातीत पाणी होऊन आपसूक बरे वाटलेल्या त्या सैनिकांपैकी ६५ टक्क्यांना पुढे क्रियाशील क्षयरोग झाला, आणि तोही बहुतांशी पहिल्या पाच वर्षांत. म्हणजे आज कुशीत चमक आणि थोडे पाणी एवढ्यावर भागलेला माणूस दोन-तीन वर्षांनी फुप्फुसाचा क्षय घेऊन येतो आणि तेव्हा तो घरातल्यांना व सोबत्यांना संसर्ग देण्याच्या अवस्थेत असतो. मच्छीमार बोटीच्या अरुंद केबिनमध्ये आठ-दहा खलाशी दिवसचे दिवस एकत्र राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सिलिकाच्या धुळीने क्षयाचा धोका वाढतो हे सिद्ध झालेले आहे, तेव्हा तेथील कामगाराच्या छातीत पाणी आढळले तर ते हलक्यात घेण्याजोगे नाही.

हे सगळे मान्य करूनही एकट्या आकड्याला माझा विरोध का, ते आता सांगतो. एडीए क्षयाच्या जंतूतून येत नाही, ते आपल्याच पेशींतून येते. त्यामुळे त्या पेशी अन्य कारणाने जमल्या किंवा फुटल्या तरी आकडा चढतो. न्यूमोनियानंतर छातीत पू झाला तर एडीए शंभर, दोनशे, त्याहूनही वर जाऊ शकते. लिम्फोमा नावाच्या कर्करोगात ते बरेच वाढते. संधिवातामुळे झालेल्या पाण्यात वाढते. फुप्फुसाच्या वा स्तनाच्या कर्करोगाच्या पाण्यात ते बहुधा चाळीसच्या खाली असते, पण थोड्या रुग्णांत वर असते, आणि अशाच रुग्णाला सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू केली जाते. त्या सहा महिन्यांत मूळ आजार कोठवर पोहोचतो आणि गोळ्यांचा ताप लिव्हरला किती होतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. उलट बाजूही आहे. आजाराच्या अगदी पहिल्या दिवसांत पाणी काढले तर क्षय असूनही आकडा कमी येऊ शकतो आणि वृद्धांमध्ये तो तुलनेने खालीच राहतो. पहिल्या वेळी कमी आला, संशय मात्र दाट आहे, अशा रुग्णाचे पाणी काही दिवसांनी पुन्हा तपासले की आकडा चढलेला दिसतो. ‘एडीए अडतीस, म्हणून क्षय नाही’ आणि ‘एडीए त्रेचाळीस, म्हणून क्षय आहे’ ही दोन्ही वाक्ये सारखीच अशास्त्रीय आहेत, पण दोन्ही मी असंख्य वेळा ऐकली आहेत.

थोडे गणित मांडतो, कारण नव्वद टक्के हा शब्द ऐकला की माणूस निर्धास्त होतो. समजा, छातीत एका बाजूला पाणी झालेले, ताप असलेले शंभर तरुण आपल्यापुढे आहेत आणि त्यांच्यातील साठ जणांना खरोखर क्षय आहे. वर दिलेल्या टक्केवारीने साठांपैकी पंचावन्न जणांचे एडीए वाढलेले येईल आणि क्षय नसलेल्या चाळीसांपैकी चौघांचेही वाढलेले येईल. एकोणसाठ वाढलेल्या आकड्यांत पंचावन्न खरे, म्हणजे भरवसा ठेवायला हरकत नाही. आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या, वजन घटलेल्या शंभर रुग्णांचा गट घेऊ आणि त्यांच्यात क्षयाचे रुग्ण दहाच आहेत असे मानू. दहांपैकी नऊ जणांचा आकडा वाढलेला येईल, पण उरलेल्या नव्वदांपैकीही नऊ जणांचा वाढलेला येईल. अठरा वाढलेले आकडे, त्यांतले निम्मे खोटे. तपासणी तीच, यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच. बदलला तो फक्त समोरचा माणूस. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण त्यामागचे तर्कशास्त्र कोणत्याही प्रयोगशाळेत बदलत नाही. याच दुसऱ्या गटात कमी आलेला आकडा मात्र फार उपयोगी ठरतो, कारण कमी आलेल्या ब्याऐंशी जणांत क्षयाचा रुग्ण फार तर एखादाच सुटतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत एडीएचे खरे काम क्षय सिद्ध करण्यापेक्षा तो वगळून डॉक्टरांची नजर दुसरीकडे वळवण्याचे आहे, असे माझे मत आहे.

आकड्याला सोबत कोणाची हवी, तर सर्वप्रथम पेशींची. त्याच नमुन्यातील पांढऱ्या पेशी मोजून त्यांत लिम्फोसाइट किती आणि न्यूट्रोफिल किती हे पाहायला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. लिम्फोसाइट भरपूर आणि एडीए वाढलेले, ही जोडी क्षयाकडे जोराने बोट दाखवते. लिम्फोसाइटचे प्रमाण न्यूट्रोफिलच्या पाऊणपटीहून अधिक आहे एवढी एक अट आकड्याला जोडली तरी चुकीचे निकाल लक्षणीय कमी होतात, हे दाखवून दिलेले आहे. न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल आणि एडीए वाढलेले असेल तर आधी पुवाचा विचार करावा. त्यानंतर प्रथिने आणि एलडीएच. एलडीएच हेही एन्झाइमच आहे, आणि १९७२ साली रिचर्ड लाइट यांनी मांडलेल्या निकषांत ते आहे: पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त, किंवा पाण्यातील एलडीएच रक्तातील एलडीएचच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा ते रक्तासाठी ठरलेल्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त असेल, तर ते पाणी सुजेचे. अन्यथा हृदय, यकृत वा मूत्रपिंड यांच्या दुबळेपणामुळे झिरपलेले. हा पहिला फरकच केला नाही तर एडीए मागवण्यात अर्थ नाही. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याचे एडीए करण्यात त्याचे पैसे तेवढे जातात. एलडीएच खूप चढलेले आणि त्यामानाने एडीए बेताचे, ही जोडीही क्षयापेक्षा जंतुसंसर्गाच्या पाण्याकडे झुकते. पाण्यातील साखर अगदी कमी असेल तर पू किंवा संधिवात यांचा विचार करावा. आणि पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का हे पाहण्यासाठी थोडा नमुना वेगळा ठेवावा, विशेषतः वयस्क रुग्णाचा. यांतील एकही तपासणी महागडी किंवा दुर्मीळ नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. एडीए रक्तात करून क्षयाचे निदान होत नाही. टायफॉइड, कावीळ, अनेक प्रकारचे ताप आणि कर्करोग यांत रक्तातील एडीए वाढते. तरीही ‘पाणी काढायला नको, रक्तातलेच एडीए करून घ्या’ असा सल्ला मिळालेले रुग्ण भेटतात, कारण सुई टोचून पाणी काढण्यापेक्षा दंडातून रक्त घेणे सर्वांनाच सोयीचे वाटते. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांचे आपल्या देशात पूर्वी असेच पेव फुटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. रक्तातील एडीएवर अशी बंदी नाही, पण त्याच्या आकड्यावर उपचार ठरवण्याचे समर्थन कोणत्याही अभ्यासाने होत नाही.

आता नमुन्याविषयी, कारण कोकणात खरी गोची तेथे आहे. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि उष्णतेत त्याची क्रियाशीलता घटते. तालुक्याच्या गावी दुपारी काढलेले पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून संध्याकाळच्या एसटीने किंवा खासगी गाडीने रत्नागिरीला, कोल्हापूरला, गोव्याला नाहीतर मुंबईला जाते आणि दुसऱ्या दिवशी केव्हातरी तपासले जाते. मे महिन्यातील गाडीच्या डिकीत त्याची काय अवस्था होत असेल याचा अंदाज करावा. बर्फ घातल्याशिवाय सुरमईची एक पेटी घाटावर न पाठवणारे आपण माणसाच्या छातीतले पाणी मात्र तसेच पाठवतो. यात आकडा नेहमी खालीच येतो असेही नाही. नमुन्यात रक्त मिसळून तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातील एडीएमुळे आकडा फुगतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी वापरली जाणारी जुनी रंगपद्धत तर एडीएच्या क्रियेतून सुटणारा अमोनिया निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजते. नमुना शिळा होऊन त्यात जंतू वाढले, किंवा प्रयोगशाळेच्या पाण्यातच अमोनियाचा अंश असला, तर निळा रंग उगाच गडद होतो आणि छापील आकडा वाढतो. नव्या पद्धतीत वेगळ्या एन्झाइमांच्या साखळीने मोजणी होते व तिची मर्यादा प्रत्येक किटप्रमाणे वेगळी असू शकते. म्हणून एका प्रयोगशाळेतील चाळीस आणि दुसरीतील चाळीस हे एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. उपाय साधा आहे: रक्तरहित नमुना, स्वच्छ निर्जंतुक नळी, लगेच बर्फाच्या डब्यात, आणि पाठवायला उशीर होणार असेल तर दोन ते आठ अंशांच्या फ्रीजमध्ये. कल्चरसाठीचा भाग मात्र गोठू देऊ नये.

कोकणात या विषयाला आणखी एक कंगोरा आहे तो येथील माणसांच्या ये-जा करण्याचा. मुंबईतल्या खोलीवर तापाने हैराण झालेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतो, येथे त्याचे पाणी काढले जाते, आणि सण आटोपला की तो पुन्हा मुंबईला किंवा सुरतेला जातो. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी कामगार हंगाम संपला की परततात. बोटींवरील खलाशी तर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात. पुढचे चार-पाच महिने त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर वेगळा असतो आणि त्याने ते पाणी पाहिलेले नसते. एकदा काढलेले आणि उपचारांनी आटलेले पाणी पुन्हा तपासायला मिळत नाही. उरतो तो रिपोर्टचा कागद. त्या कागदावर ‘एडीए: ५२, पॉझिटिव्ह’ एवढेच असेल, पेशी नाहीत, प्रथिने नाहीत, पाण्याचा रंगही लिहिलेला नाही, तर चौथ्या महिन्यात ताप पुन्हा चढलेल्या रुग्णापुढे बसलेल्या त्या नव्या डॉक्टरने काय समजावे? मुळात क्षय होता की नव्हता, की औषधांना न जुमानणारा क्षय आहे, की उपचार नीट चालू असतानाही काही रुग्णांत पाणी तात्पुरते वाढते तसे काही आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रिपोर्टमध्ये असू शकतात. अपुरा रिपोर्ट या फिरत्या माणसांना सर्वांत महाग पडतो.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडे. एडीए कितीही वाढलेले असले तरी तो क्षय कोणत्या औषधाला दबेल हे ते सांगू शकत नाही. ते सांगते सीबीनॅट किंवा कल्चर. म्हणून या तपासण्यांतून सापडण्याची शक्यता कमी असली तरी पाण्याचा एक भाग त्यांच्यासाठी पाठवलाच पाहिजे, आणि एडीए वाढलेले आले म्हणून तो पाठवायचे टाळणे योग्य नाही. थुंकीही तपासावी. क्ष-किरणात फुप्फुस स्वच्छ दिसत असताना, मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढलेल्या थुंकीच्या कल्चरमध्ये छातीत पाणी झालेल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत क्षयाचे जंतू सापडल्याचे एका अभ्यासात दिसून आले आहे. ही युक्ती सोपी असूनही आपल्याकडे फारशी वापरली जात नाही याचे मला नवल वाटते. औषधांना दाद देणारा क्षय असेल तर पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, असा सहा महिन्यांचा उपचार सरकारी योजनेत विनामूल्य मिळतो. खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. केवळ एडीए व लक्षणांवरून निदान झालेला रुग्ण त्या नोंदीत ‘जंतू सिद्ध न होता वैद्यकीय अंदाजाने निदान’ या रकान्यात जातो, आणि तेथे जाण्यात काहीच गैर नाही. फक्त तो रकाना भरताना अंदाजाचा आधार कागदावर असावा.

काही जण म्हणतील की ग्रामीण रुग्णालयात जेथे क्ष-किरणाचा तंत्रज्ञ रोज मिळत नाही तेथे एवढ्या तपासण्यांची अपेक्षा करणे ही शहरी चैन आहे. हा आक्षेप मला पटत नाही. पेशींची मोजणी आणि प्रथिने तालुक्यातच होऊ शकतात. पाणी काढताना त्याचा रंग, गढूळपणा, किती काढले आणि कोणत्या बाजूचे, हे लिहायला यंत्र लागत नाही. एडीए, एलडीएच व सीबीनॅट यांसाठी एकाच वेळी तीन नळ्या भरल्या तर रुग्णाला पुन्हा टोचावे लागत नाही. अडचण पैशांपेक्षा सवयीची आहे.

म्हणून आरोग्य विभागाला आणि खासगी प्रयोगशाळांच्या चालकांना माझी विनंती आहे की छातीच्या पाण्याच्या कोणत्याही रिपोर्टवर एडीएचा आकडा पेशींचे प्रमाण, प्रथिने व एलडीएच यांच्याशिवाय देऊ नये. आकड्याशेजारी मोजणीची पद्धत आणि त्या पद्धतीची मर्यादा लिहावी. नमुना केव्हा काढला, केव्हा पोहोचला आणि थंड होता की नव्हता याची नोंद ठेवावी. आणि ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ हे शब्द एडीएपुढे छापणे बंद करावे, कारण हे एक मोजमाप आहे, कौल नव्हे. रक्तातील एडीएची मागणी आली तर प्रयोगशाळेने संबंधित डॉक्टरांना फोन करून पाणी पाठवण्याची विनंती करावी. आम्ही ती करत असू आणि कोणी डॉक्टर त्यावर रागावल्याचे मला आठवत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. त्या तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी आपापल्या जिल्ह्यातील नमुन्यांसाठी एकच पद्धत व एकच रिपोर्टचा नमुना ठरवला, तर राजापूरचा रिपोर्ट मालवणात आणि मालवणचा रिपोर्ट महाडमध्ये सारख्याच अर्थाने वाचता येईल.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. पाणी काढले जाते त्या दिवशी ‘पाण्याचा पूर्ण रिपोर्ट मिळेल ना, आणि सीबीनॅटलाही पाठवले ना’ असे डॉक्टरांना अदबीने विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही. मिळालेला कागद औषधांच्या पिशवीबरोबर जपून ठेवावा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि गाव सोडताना तो सोबत न्यावा.

राहिला प्रश्न वाहतुकीचा. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात थुंकीचे नमुने तालुक्यातून तपासणी केंद्राकडे नेण्याची व्यवस्था आहेच. तिच्यात छातीच्या पाण्याच्या नळ्यांसाठी एक बर्फाचा डबा सामावून घेतला तर नवी योजना आखावी लागणार नाही. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, गाड्या अडकतात आणि नमुना दोन-दोन दिवस रस्त्यात राहतो. असे दिवस आले तर तो गाडीत घालण्याची घाई करू नये. पेशींची मोजणी त्याच दिवशी जागेवर उरकावी, एडीएची नळी ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये ठेवावी, तेथे ती काही दिवस सहज टिकते, आणि वाट मोकळी झाल्यावर बर्फात पाठवावी. लस ठेवण्याच्या फ्रीजमध्ये मात्र ती ठेवू नये, त्यासाठी प्रयोगशाळेचा वेगळा फ्रीज वापरावा.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट
राजापूर, जि. रत्नागिरी